अंशुमतीने सोडलेले पाणी

पूर्वी कृतयुग मावळले होते आणि त्रेतायुग अजून पुरते उजाडले नव्हते. मनुष्याचे आयुष्य सहस्र वर्षांवरून घसरत शंभरावर येऊन ठेपले होते, आणि तरीही देव माणसाच्या हाकेला अधूनमधून ओ देत असत. त्या संधिकाळी श्वेतपर्णा नामक महानदीच्या उत्तर तीरावर मणिकूट नावाची नगरी नांदत होती. तिच्या प्राकारांवर इंद्रनीलाच्या ओळी जडवल्या होत्या, तिच्या घाटांवर अष्टौप्रहर वेदघोष चाले, आणि तिच्या सिंहासनावर शत्रुकुलांतक, प्रजावत्सल, दानशूर अशा बिरुदांनी वाकलेला राजा उदग्रसेन विराजमान होत असे. बिरुदांच्या ओझ्याने माणूस वाकतो, आणि वाकलेल्याला पुढचे दिसत नाही.

त्याची पट्टराणी अंशुमती. राजाची कीर्ती भाटांनी घसा सुकेपर्यंत गायिली, राणीचे नाव मात्र कुणी घेतले नाही. कथा तिची आहे, म्हणून ते येथे आधी घेतलेले बरे.

त्या काळी दानाचा नियम आजच्याहून निराळा होता. दात्याने हातावर उदक घेऊन ‘इदं न मम’, हे माझे नव्हे, असे म्हणून ते सोडले, तरी सूर्यास्तापर्यंत त्याला आपले दान परत मागण्याची मुभा होती. ब्रह्मदेवाने ही सवलत दयेपोटी ठेविली होती. माणूस भावनेच्या भरात देऊन बसतो आणि भानावर आला की हळहळतो, हे त्या चतुर्मुखाने चारही बाजूंनी पाहिले होते. परंतु सवलत मिळाली की माणूस तिचा धंदा करतो. उदग्रसेनाचा पिता बृहत्कीर्ती सकाळी भरसभेत गाई दान करी, दुपारपर्यंत आपली स्तुतिस्तोत्रे ऐके, आणि ऊन कलंडले की गुराखी धाडून त्याच गाई गोठ्यात परत आणवी. ‘मणिकूटचे दान म्हणजे दिवसाचा पाहुणा’ असे लोक उघड उघड म्हणू लागले.

उदग्रसेनाला ती म्हण बाळपणापासून टोचत होती. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात त्याने अंशुमतीला सांगितले की, एका सायंकाळी राजवाड्याच्या गुराख्याने एका वृद्ध ब्राह्मणीच्या हातून दानाच्या गाईचे दावे मागून घेतले, तेव्हा ती बाई रडली नाही की भांडली नाही. दावे देऊन तिने बाजूला उभ्या असलेल्या बाल राजपुत्राला नमस्कार केला आणि ती निघून गेली. “तिने मला शिव्याशाप दिले असते, तर मी ते विसरलो असतो,” तो म्हणाला.

म्हणून पित्याच्या निधनानंतर राज्याभिषेकाला नकार देऊन उदग्रसेन श्वेतपर्णेच्या प्रवाहात उतरला, आणि हनुवटीपर्यंतच्या जलात बारा वर्षे उभा राहिला. त्याच्या अंगावर शेवाळ चढले, त्याच्या जटांत मत्स्यांनी अंडी घातली. बाराव्या वर्षाच्या अंती नदी मध्यभागी दुभंगली, आणि मकरावर आरूढ झालेला, हाती पाश धारण केलेला, ज्याच्या दृष्टीपुढे असत्य टिकत नाही असा जलाधिपती वरुण प्रकट झाला.

“वत्सा, तुझ्या तपाने मी संतुष्ट झालो आहे. वर माग.”

“हे जलेश्वरा, ज्या दानावर माझ्या हातचे उदक पडेल, ते दान पुरतेपणी दिले जावो. माझ्या पश्चात्तापाने, देवांच्या कृपेने अथवा काळाच्या ओघाने त्याचा अंशही माझ्याकडे परत न येवो.”

 वरुण म्हणाला, “राजपुत्रा, पश्चात्तापासाठी एक दार असू दे. तुझ्या पित्याने त्या दाराची चोरवाट केली, म्हणून दाराला दोष लावू नकोस.”

“देवा, दार आहे तोवर चोर आहे. ते बुजवून टाका.”

“तथास्तु. मात्र नीट ऐक. पाण्याला अमका तमका कळत नाही. आजपासून तूच नव्हे, पृथ्वीवर जो कोणी उदक सोडील, त्याचे सुटलेले त्याच्याकडे परत येणार नाही.”

ही हकीकत सांगताना राजाचा चेहरा उजळून निघाला होता. अंशुमती ती ऐकून मोहरून गेली. नवी नवरी नवऱ्याच्या पराक्रमात खोट शोधीत नसते.

त्या देशी दान पतिपत्नींनी मिळून करावयाचे असे. पती ओंजळ पुढे करी, पत्नी झारीने त्या ओंजळीवर पाण्याची धार धरी, आणि त्या धारेवाचून दान सिद्ध होत नसे. अठरा वर्षे अंशुमतीने सोन्याच्या झारीने पतीच्या हातावर पाणी घातले. आरंभी याचक आपले मागणे सांगे, राजा ते ऐके आणि मग ओंजळ पुढे करी. पुढे एका भाटाने भरसभेत म्हटले की, काय मागतोस असे जो विचारतो तो दाता कसला? राजाला ते फार आवडले. तेव्हापासून त्याने आधी उदक सोडायचे आणि मग याचना ऐकायची असा प्रघात पाडला. हे म्हणजे आधी कळस मग पाया असे झाले, पण राजाला कळसच तेवढा दिसत होता.

अंशुमतीने एकदा एकांतात विषय काढला. “महाराज, काय द्यावयाचे आहे हे कळण्यापूर्वीच पाणी सोडणे मला योग्य वाटत नाही.”

“देवी, जो ऐकून देतो तो वाणी. मी उदग्रसेन आहे.”

तिने तो विषय पुन्हा काढला नाही. नशिबाने याचक साधे होते. कुणी गाय मागे, कुणी धान्य, कुणी मुलीच्या लग्नापुरते सोने. अठरा वर्षे काही बिघडले नाही, आणि न बिघडल्यामुळेच राजाला आपली रीत बरोबर वाटू लागली.

लग्नानंतर आठ वर्षांनी, व्रतवैकल्ये करून थकल्यावर, अंशुमतीला पुत्र झाला होता. त्याचे नाव चित्रांशू. एकुलता एक, बोलका, आणि हट्टी. दानाच्या दिवशी तो हळूच येऊन झारीच्या तोटीला ओठ लावून पाणी पिई, आणि अंशुमती त्याला रागावल्यासारखे करी. तो दहा वर्षांचा झाला तेव्हा त्याच्या मुंजीचा मुहूर्त पंधरा दिवसांवर आला होता, आणि त्याच सुमारास वैशाख शुद्ध तृतीयेला धूम्रायण मुनी मणिकूटच्या सभेत आले.

धूम्रायण हे महातपस्वी अग्निहोत्री. पन्नास वर्षांत त्यांच्या पर्णकुटीतला अग्नी विझला नव्हता. त्यांच्या जटा धुराच्या रंगाच्या झाल्या होत्या आणि डोळे नित्य पाणावलेले असत. राजाने सिंहासनावरून उतरून त्यांचे पाद्यपूजन केले. मुनींनी आशीर्वादासाठी हात उचलला, पण मध्येच थांबवला.

“राजन्, मागण्यापूर्वी मला माझे वृत्त सांगू दे. ते ऐक, आणि मग नाही म्हणालास तरी मी रुष्ट होणार नाही.”

राजा हसला. “मुनिवर, वृत्त ऐकून दान देण्याची मणिकूटात रीत नाही.”

“राजन्, थांब. एवढे ऐकून घे.”

राजाने ओंजळ पुढे केली आणि राणीकडे पाहिले. मुनींच्या स्वरातली कासाविशी अंशुमतीने स्पष्ट ऐकली होती.  तरी सभा पाहत होती, पती पाहत होता, आणि अठरा वर्षांच्या सवयीने हात आपोआप उठला. झारी कलली. पाणी राजाच्या ओंजळीत पडले, ओंजळीतून मुनींच्या हातावर, आणि तेथून खाली.

“इदं न मम,” राजा म्हणाला. “आता मागा.”

धूम्रायणांनी डोळे मिटले. “मला तुझा पुत्र दत्तक हवा होता.”

 राजपुरोहित चाचरत म्हणाले, “मुनिवर्य, एकुलता एक पुत्र देऊ नये, असे शास्त्र आहे.”

“मला शास्त्र ठाऊक आहे. म्हणूनच आधी ऐका म्हणत होतो. यौवनात यज्ञभूमीसाठी मी एक अरण्य जाळले. त्यात वनदेवतेचे पाडस धुरात कोंडून मेले. तिने शाप दिला की, जो तुझा पुत्र, तो सोळा वर्षे पुरी करणार नाही; माझ्या पाडसाला ज्याने मारले तो धूरच त्याला शोधत येईल. माझे तिन्ही पुत्र तसेच गेले. शाप माझ्या रक्ताला आहे, दुसऱ्या रक्ताचा पुत्र त्यातून सुटेल, असे माझ्या बुद्धीला वाटते. पण हे बाळाच्या आईबापांनी ऐकून ठरवावे, असे मनात धरून मी आलो होतो. तुम्ही नको म्हणाला असतात, तर मी परत गेलो असतो. पाणी पडले तेव्हा माझ्या मनात तोच होता; आता मी नको म्हटले, तरी तो तुमचा राहिलेला नाही.”

 राजाच्या ओठांवर ‘परत’ हा शब्द आला होता, तो सगळ्यांना दिसला; पण बापाचा बेटा म्हणून लोक हसतील या भयाने त्याने तो गिळला. ज्या बापासारखे व्हायचे नव्हते, त्या एका गोष्टीत त्याच्यासारखा झाला असता तर काय बिघडले असते? अर्थात बिघडायचे काही उरलेही नव्हते, कारण दार त्यानेच बुजवून घेतले होते.

चित्रांशूला आणून मुनींच्या मांडीवर बसविण्यात आले. त्याला कुणी काही नीट सांगितले नव्हते. “आई, मी परत कधी येऊ?” त्याने विचारले.

“मुनी सांगतील तेव्हा,” अंशुमती म्हणाली. ती त्याच्याशी बोललेली एवढीच खोटी गोष्ट. पुढे सहा वर्षे ती तिला सलत राहिली.

त्या दिवसानंतर अंशुमतीने झारीला हात लाविला नाही. तिच्या धारेवाचून मणिकूटात दान होईना, आणि राजानेही आग्रह धरला नाही. मुलाच्या वाढदिवशी औक्षण करण्याचा तिला अधिकार नव्हता, त्याच्या मुंजीत मातृभोजनाला तिला बोलावणे आले नाही. ती दर पौर्णिमेला आश्रमाकडून येणाऱ्या शिष्यांना जेवू घाली आणि इकडचे तिकडचे विचारी. मुलगा उंच झाला आहे, सामगायनात त्याचा गळा फिरतो, तो आता हट्ट करीत नाही, असे कळे. तो हट्ट करीत नाही हे ऐकून तिला रात्रभर झोप लागली नाही. तेवढे एक सोडले तर तिला आशा होती. शाप रक्ताला आहे, आणि रक्त तर माझे आहे, असे ती स्वतःला समजावीत असे.

सोळावे वर्ष संपण्यास चाळीस दिवस उरले असता धूम्रायण मुनी पुन्हा मणिकूटात आले. या वेळी ते सभेत गेले नाहीत. सरळ राणीच्या अंगणात येऊन उभे राहिले.

“देवी, धूर त्याच्याकडे वळू लागला आहे. तो वेदीच्या कोणत्याही बाजूस बसला, वारा कोठूनही आला, तरी धूर त्याच्याच मुखाकडे जातो. माझ्या तिघांचे असेच झाले होते.”

मागून राजा धावत आला होता. “हे कसे शक्य आहे? त्याचे रक्त माझे आहे!”

“होते,” मुनी म्हणाले. “पूर्वीच्या नियमाने दिलेल्या पुत्राचा थोडा अंश जन्मदात्यांपाशी उरत असे. त्या अंशाने तो वाचला असता. मीही त्याच हिशेबावर विसंबलो. परंतु तुझ्या वराने दिलेले पुरतेपणी दिले जाते. तो नखशिखान्त माझा झाला आहे, आणि म्हणून माझा शापही त्याचा झाला आहे.”

उदग्रसेन भर दुपारी अनवाणी श्वेतपर्णेकडे धावला. हनुवटीपर्यंतच्या पाण्यात उभा राहून तो आक्रोश करू लागला. बैल गेला आणि झोपा केला, दुसरे काय! अंशुमती त्याच्या मागोमाग पाण्यात उतरली. नदी पुन्हा दुभंगली आणि वरुण प्रकट झाला.

“देवा, तो वर परत घ्या!” राजा ओरडला.

“मी दिलेलाही परत येत नाही, राजा. तू तसेच मागितले होतेस.”

अंशुमती पुढे झाली.  “जलेश्वरा, वर यांनी मागितला, मी नाही. पुत्र नऊ मास माझ्या उदरात होता. माझ्या वाट्याचा अर्धा तरी मला राहू द्या. तेवढ्याने तो वाचेल.”

“देवी,” वरुण मृदू स्वरात म्हणाला, “झारी कुणाच्या हातात होती?”

त्याच्यासमोर खोटे बोलता येत नाही, आणि खरे बोलण्याची तिला लाज वाटत होती. तरी ती बोलली. “माझ्या. मुनी थांबा म्हणाले ते मी ऐकले होते. माझा हात थांबला असता तर काहीच झाले नसते. सभेत महाराजांचा मान जाईल म्हणून मी धार धरली.”

राजाने मान खाली घातली. वरुण तिच्याकडे वळला. “तुझ्या पुत्रासाठी माझ्या हाती काही नाही. परंतु तू खरे बोललीस. त्यासाठी दुसरे काही माग.”

“त्याच्यावाचून मला दुसरे काय हवे असणार?” ती संतापाने म्हणाली. मग तिचा संताप ओसरला, आणि पाण्याकडे पाहत ती सावकाश बोलू लागली. “द्यायचेच असेल तर एवढे द्या. यापुढे कुणाच्याही हातातले पाणी मुकाट्याने खाली पडू नये. कोणत्या काळी, कोणत्या नदीच्या काठी, कोण, कुणाला, काय देतो आहे, हे सगळे त्याला आधी तोंडाने म्हणावे लागो. म्हणता म्हणता एखाद्याचा हात थांबेल. एखादीचाही थांबेल.”

“तथास्तु,” वरुण म्हणाला, आणि नदी मिटली.

आश्रमात पोचल्यावर अंशुमतीने पाहिले, तो धूम्रायण मुनींनी आपल्या हाताने वेदीवर पाणी ओतून छपन्न वर्षांचा अग्नी विझवला होता. अग्निहोत्र्याने याहून अधिक काय द्यावे? चूल पेटत नव्हती, समिधा पुरून टाकल्या होत्या, शिष्य कच्ची फळे खाऊन राहत होते. सदतीस दिवस धूर आला नाही. अंशुमतीला पाहुणी म्हणून राहण्यास कुटी मिळाली. चित्रांशू तिला वाकून नमस्कार करी आणि ‘राज्ञी’ म्हणे. आश्रमाचा नियमच तसा होता. ती ते ऐकून घेई.

अडतिसाव्या दिवशी तो तिच्याजवळ येऊन बसला आणि कुणी ऐकत नाही असे पाहून म्हणाला, “आई, मला दोघांचा राहता आले असते. मुनी फार चांगले आहेत. मी पुष्कळ विचार केला. मला जमले असते.”

तिने त्याला कुशीत घेतले. नियम मोडला, आणि मोडल्याचे तिला काही वाटले नाही.

चाळिसाव्या दिवशी मध्यान्ही, नदीपलीकडे कुठे तरी एका कुंभाराने भट्टी लाविली. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक! तिचा धूर पाण्यावरून सरळ रेषेत निघाला, वाटेतल्या वृक्षांना वळसे घालीत आश्रमात शिरला आणि चित्रांशूपाशी आला. अंशुमतीने पदर पसरला, आपले शरीर आडवे घातले. मुनींनी दोन्ही हातांनी त्याचे मुख झाकले. धूर बोटांच्या फटींतून गेला. मुलगा खोकला, त्याने एकदा आईकडे आणि एकदा मुनींकडे पाहिले, आणि तो गेला.

श्वेतपर्णेच्या वाळवंटात चिता रचली गेली. मुनींनी अग्नी दिला, आणि त्या गोत्रातले चार जण नदीत उतरून मृताच्या नावाने तिळमिश्रित उदक देऊ लागले. अंशुमतीही उतरली. तिने ओंजळ भरून वर उचलली, तेव्हा विधी सांगणारा वृद्ध ब्राह्मण चाचरला. तो दुष्ट नव्हता. विधी चुकू नये एवढेच त्याला पाहायचे होते.

“माते, क्षमा करा. मृत ज्या गोत्राचा, त्या गोत्राचेच उदक त्याला पोचते. आपले आणि त्याचे नाते काय, ते सांगावे लागेल.”

काठावर उदग्रसेन उभा होता.  अंशुमतीने आपल्या ओंजळीकडे पाहिले.

“काही नाही,” ती म्हणाली. “मी याच्यावर पाणी सोडले आहे.”

आणि तिने बोटे विलग केली. पाणी जिथून घेतले होते तिथेच पडले.

अशी ही कथा. तेव्हापासून दान देताना देश, काळ, नाव, गोत्र आणि द्यावयाची वस्तू यांचा उच्चार केल्यावाचून उदक सोडता येत नाही, आणि त्या लांबलचक संकल्पाला कंटाळून यजमान ‘गुरुजी, आटपा’ म्हणतात, तेव्हा तो वेळ कुणी मागून घेतला आहे हे त्यांच्या गावीही नसते. तेव्हापासूनच, जे आपल्या हातून कायमचे गेले आणि ज्याची आशा धरण्यात अर्थ उरला नाही, त्यावर माणसे ‘पाणी सोडले’ असे म्हणतात. हरवलेल्या अंगठीवर म्हणतात, मोडलेल्या सोयरिकीवर म्हणतात, भावाने बळकावलेल्या शेतावर म्हणतात. शब्द वापरून वापरून हलका झाला आहे, आणि झाला ते बरेच झाले. पहिल्या वेळी होते तेवढे त्याचे वजन कुणालाच रोज पेलवले नसते.

उदग्रसेन मणिकूटास परतला आणि त्याने भाटांना निरोप दिला. अंशुमती परतली नाही. श्वेतपर्णेच्या घाटावर ती म्हातारी होईपर्यंत राहिली. कुणी दान देण्यास आला आणि त्याने ओंजळीत पाणी घेतले की, ती पायऱ्या उतरून त्याच्यापाशी जाई आणि त्याचे मनगट घट्ट धरी. लोक तिला वेडी म्हणत, पण हात सोडवून घेण्याचे धाडस कुणाला झाले नाही.

“आधी बोल,” ती म्हणे. “काय सोडतो आहेस, ते आधी मोठ्याने बोल.”